पॅव्हिलँडची गुहा: बडोद्याहून सहा दिवस, ओहोटीच्या हिशेबानं

या सहलीत विमानाच्या तिकिटाआधी तिथी बघावी लागते. दक्षिण वेल्सच्या गोवर द्वीपकल्पावर पोर्ट आयनन आणि रॉसिली या दोन गावांच्या मधे चुनखडकाचे उभे कडे आहेत. त्यातल्या एका कड्यात 'गोट्स होल', म्हणजेच पॅव्हिलँडची गुहा आहे. १८२३ च्या जानेवारीत तिथे गेरूनं माखलेला माणसाचा अर्धा सांगाडा सापडला. पश्चिम युरोपात विधिपूर्वक केलेलं सगळ्यात जुनं ज्ञात दफन म्हणून तो ओळखला जातो. वय सुमारे ३३,००० वर्षं. गुहेपर्यंत चालत जायची वाट मात्र समुद्राच्या तळावरून जाते. पाणी हटलं की ती थोडा वेळ उघडी पडते, पाणी आलं की बंद. म्हणून सहा दिवसांचा सगळा बेत त्या एका दुपारपासून उलटा मोजत आखायचा.

पौर्णिमा आणि अमावस्येनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असण्याचे. उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही जातं, आणि आपल्याला ते खाली गेलेलं हवं असतं. स्वान्सीच्या किनाऱ्यावर सोयीची गोष्ट अशी की उधाणाची ओहोटी दरवेळी दुपारीच येते. उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे साधारण एक ते दोनच्या दरम्यान. तिथून पुढे रोज चाळीस-पन्नास मिनिटं उशिरा. भांगाच्या दिवसांत ती भल्या सकाळी किंवा संध्याकाळी पडते आणि पाणीही पुरेसं हटत नाही. मे-जूनमधली एखादी पौर्णिमा धरून प्रतिपदेला गुहा, द्वितीया राखीव आणि त्रयोदशीला बडोद्याहून प्रस्थान, हा बेत सगळ्यात चांगला. मार्च आणि सप्टेंबरातली उधाणं सर्वांत मोठी असतात, पण तेव्हा वारा आणि लाटांचा भरवसा कमी.

निघण्याच्या महिनाभर आधी एका रविवारी कावी-कंबोईला जाऊन यावं. स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत बुडतं हे बडोद्यात सगळ्यांना ठाऊक असतं, पण बहुतेक जण दर्शन घेऊन परततात. आपण सहा तास काठावर बसायचं आणि दर तासाला पाणी कुठवर आलं ते वहीत टिपायचं. खंभातचं आखात आणि वेल्सखालची ब्रिस्टलची खाडी या दोन्हींचा आकार नरसाळ्यासारखा, तोंडाशी रुंद आणि आत निमुळता. आत शिरलेलं पाणी बाजूला पसरू शकत नाही, म्हणून वर चढतं. स्वान्सीला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत साडेआठ मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे जवळजवळ तीन मजले. हे पाणी सारख्या वेगानं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. साडेआठ मीटरला पहिल्या तासात पाऊण मीटरही चढत नाही आणि तिसऱ्या तासात दोन मीटरहून जास्त चढतं. माणसं फसतात ती इथेच: पहिला तास बघून 'अजून वेळ आहे' असं वाटतं. काठावर बसून हा तिसरा तास एकदा डोळ्यांनी पाहिला की वेल्समध्ये कुणाला समजवावं लागत नाही.

सामानात घोट्याच्या वर येणारे, तळव्याला खोल खाचा असलेले बूट, जाड सुती हातमोजे, डोक्याला बांधायचा टॉर्च आणि गिर्यारोहणाचं हलकं हेल्मेट हवं. स्कूटरचं हेल्मेट चालत नाही; ते वर बघू देत नाही आणि कान झाकतं, तर इथे लाटेचा आवाज ऐकू येणं गरजेचं आहे. खाण्यात ठेपले, चटणी, चिवडा, भाकरवडी बिनधास्त न्यावी. पेढे, श्रीखंड, तूप नको. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात.

पहिला दिवस (त्रयोदशी): बडोदा ते ऑक्सफर्ड

अहमदाबादहून किंवा मुंबईहून लंडनचं हीथ्रो, आणि तिथून लंडन शहरात न शिरता थेट बसनं ऑक्सफर्ड. या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की मुक्काम लंडनला करू नये. लंडनला एक रात्र घालवली की पुढचं सगळं एक दिवस सरकतं आणि तिथी हातची जाते.

दुसरा दिवस (चतुर्दशी): हाडं

आधी हाडं, मग गुहा. उलट केलं तर गुहा म्हणजे नुसतं रिकामं भोक दिसतं, कारण आत आज काहीही नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाचं नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय १८६० चं, प्रवेश मोफत. हाडं याच संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. कधी अभ्यासासाठी आत असतात, कधी दुसरीकडे उसनी जातात (२००७-०८ मध्ये ती कार्डिफला होती), म्हणून बडोद्यातूनच ईमेल करून त्या तारखेला मांडलेली असतील का हे विचारून घ्यावं. सयाजीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा बघत मोठं झालेल्या माणसाला सांगाडा म्हटलं की भव्य काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथे तसं नाही. कवटी नाही, मणके नाहीत, उजवी बाजू बहुतेक नाही. आहे ती डावी बाजू: हाताची, पायाची लांब हाडं, थोड्या फासळ्या. ती जवळून बघावीत. रंग रक्तासारखा नाही, अंगणात रांगोळीखाली फासतात त्या गेरूसारखाच आहे, आणि तो गेरूच आहे, लोहाचं ऑक्साइड. रंग हाडावर नुसता वरवर बसलेला नाही, आत मुरलेला आहे.

उत्खनन करणारा विल्यम बकलँड हा ऑक्सफर्डचा भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक आणि धर्मोपदेशकही. १८२२ च्या डिसेंबरात पोर्ट आयननचे डॉक्टर आणि तिथले पाद्री, दोघांचंही आडनाव डेव्हिस, गुहेत शिरले आणि त्यांना प्राण्यांची हाडं व हस्तिदंत मिळाले. पेनराइसच्या टॅलबट घराण्याकडून बातमी बकलँडकडे गेली आणि १८ जानेवारी १८२३ ला तो हजर झाला. त्यानं जे लिहून ठेवलं ते आजही उपयोगी पडतं, इतकं ते नेमकं आहे. सांगाडा जेमतेम सहा इंच मातीखाली होता. गेरूचा थर काही ठिकाणी हाडांभोवती अर्धा इंच पसरलेला होता. मांडीच्या हाडाजवळ, जिथे खिसा येतो तिथे, दोन मुठी भरतील इतके छोट्या समुद्री गोगलगायींचे शंख होते. फासळ्यांना लागून हस्तिदंताच्या कांड्यांचे चाळीस-पन्नास तुकडे, पाव ते पाऊण इंच जाड, एक ते चार इंच लांब. शिवाय हस्तिदंती कड्यांचे तुकडे.

एवढं नीट पाहूनही निष्कर्ष चुकला. बाई असावी, आणि रोमन काळातली, असं त्यानं ठरवलं. तेव्हापासून नाव पडलं 'रेड लेडी', लाल बाई. चूक कशी झाली हे समजून घेण्यासारखं आहे. दागिने आणि रंग म्हणजे बाई, हा एक समज. गुहेच्या वर कड्यावर जुन्या तटबंदीच्या खुणा होत्या, त्या त्याला रोमन छावणीच्या वाटल्या. आणि बायबलमधल्या प्रलयाआधीच्या प्राण्यांबरोबर माणूस असूच शकत नाही ही त्याची श्रद्धा. कांड्या गुहेतल्याच मॅमथच्या सुळ्यांपासून केल्यात हे त्यानं ओळखलं होतं, पण त्याचा अर्थ त्यानं असा लावला की रोमन काळातल्या कुणी तरी जुना सुळा उकरून कोरला. पुढे १९१२ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम सोलस यांनी गुहा पुन्हा खणली, तेव्हा सांगाडा पुरुषाचा आणि अश्मयुगातला असल्याचं पक्कं झालं. तरुण पुरुष, विशी-तिशीतला. नाव मात्र बदललं नाही.

वयाचा आकडाही तीनदा बदलला. १९६० च्या दशकात कार्बन पद्धतीनं सुमारे १८,४६० वर्षं आलं, पुढे २६,३५०, आणि २००७ नंतर हाडातला प्रथिनाचा अंश जास्त काटेकोर गाळून मोजल्यावर कार्बनची २९,०००, म्हणजे कॅलेंडरची सुमारे ३३,००० वर्षं. दरवेळी वय वाढतंच का गेलं? इतक्या जुन्या हाडात मूळचा किरणोत्सारी कार्बन तीन टक्क्यांहूनही कमी उरलेला असतो. त्यात आजच्या काळातला फक्त एक टक्का कार्बन मिसळला, मग तो जुन्या सरसाचा असो की हात लागल्याचा, तरी २९,००० चे हिशेबात साधारण २६,५०० होतात. असा नंतरच्या काळातला मळ नेहमी वय कमीच दाखवतो. लांघणजसारख्या आपल्या गुजरातेतल्या जागांची कार्बनवयं वाचतानाही हे ध्यानात ठेवावं.

त्याच दालनांत बकलँडनं १८२४ मध्ये नाव दिलेल्या मेगॅलोसॉरसचा जबडाही आहे. तासभर जास्त हातात ठेवावा.

तिसरा दिवस (पौर्णिमा): स्वान्सी

ऑक्सफर्डहून डिडकॉटला गाडी बदलून स्वान्सी, सगळे मिळून तीन तासांच्या आसपास. दुपारी बाजारात जावं. पेनक्लॉडचे कॉकल, म्हणजे छोटे शिंपले, आणि समुद्री शेवाळ शिजवून केलेली 'लेव्हरब्रेड' तिथे मिळते. शाकाहारी मंडळींसाठी लेव्हरब्रेड चालते, पण बऱ्याचदा ती डुकराच्या चरबीत परततात, विचारून घ्यावं. संग्रहालयातल्या हाडांची रासायनिक तपासणी सांगते की त्या माणसाच्या आहारातही मासळीचा वाटा होता, प्रथिनांपैकी साधारण पंधरा-वीस टक्के.

संध्याकाळचं काम एकच: उद्याची वेळ पक्की करणं. भरतीचं छापील कोष्टक घेतलं तर वेळा ग्रिनिच प्रमाणवेळेत आहेत की उन्हाळी वेळेत, हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे असतात. कोष्टक ग्रिनिचचं असेल आणि तास मिळवायचा राहिला तर माणूस तासभर लवकर पोचतो, काही बिघडत नाही. पण तास आधीच मिळवलेल्या कोष्टकात आपण आणखी एक मिळवला तर तासभर उशिरा पोचतो, आणि हा तास जीवावर बेतू शकतो. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या वेळा ताडून बघाव्यात. मग लाटांचा अंदाज. नैर्ऋत्येकडून मोठ्या लाटा येत असतील तर ओहोटी कितीही खोल असली तरी जायचं नाही. कडा त्याच दिशेला उघडा आहे.

चौथा दिवस (प्रतिपदा): गुहा

समजा ओहोटी दीड वाजता आहे. खडकांवर पाय ठेवायचा बाराला, गुहेत साडेबाराला, आणि दीड वाजता परतीची वाट धरायची. गुहेत कितीही रंगलो तरी ओहोटीचा क्षण हाच निघण्याचा क्षण. उशिरात उशिरा अडीचला सगळे वरच्या गवतावर असले पाहिजेत.

स्वान्सीहून रॉसिलीच्या बसनं किंवा गाडीनं पिल्टन ग्रीनला उतरायचं, पंचवीसेक किलोमीटर. गाडी लावायला जागा अगदी थोडी. समोरून पायवाट शेतांतून दक्षिणेला समुद्राकडे जाते, दीडेक किलोमीटर, अर्धा-पाऊण तास. फाटकं उघडली तशीच बंद करायची, मेंढ्या असतात. शेतं संपतात तिथे जमीन एकदम दुभंगते आणि फॉक्सहोल स्लेड ही कोरडी घळ खाली उतरते. 'स्लेड' हा गोवरचा खास शब्द, पाणी नसलेल्या अशा घळीसाठी. तोंडाशी दगडी कुंपण, दोन्ही बाजूंना फिकट राखाडी चुनखडक, आणि उजव्या हाताच्या सुळक्यावर पिवळी दगडफुलं चढलेली. त्याला 'यलो टॉप' म्हणतात. बकलँडला रोमन वाटलेली तटबंदी याच डोक्यावर आहे. ती लोहयुगातली निघाली. गुहा बरोबर त्याच्या पोटात आहे, पण वरून दिसत नाही, आणि वरून उतरायचा प्रयत्न कुणीही करू नये. मुखावर शंभर फुटांहून जास्त सरळ कडा आहे.

गुडघे दुखणाऱ्या काका-काकूंनी घळीच्या वरच्या गवतावर थांबावं, आणि त्यांच्याकडे एक काम द्यावं: परतीची ठरलेली वेळ लिहिलेला कागद. त्या वेळेनंतर अर्ध्या तासात मंडळी दिसली नाहीत तर ९९९ ला फोन करून 'कोस्टगार्ड' मागायचं. घळीत मोबाइल चालेलच असं नाही, म्हणून फोन करणारा माणूस वर असणंच बरं.

घळीच्या तळाशी गवत संपतं आणि खडक सुरू होतो. इथे थांबून दहा मिनिटं फक्त पाणी बघायचं. सातवी-आठवी लाट इतरांपेक्षा कुठवर येते, ते पाहायचं. मग उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, कड्याच्या पायथ्यानं वळसा. रंगावरून पाय कुठे ठेवायचा ते कळतं. करडा, खरखरीत, बारीक टोकदार कवचांनी भरलेला खडक घट्ट धरतो. पडलात तर तोच सोलून काढतो, म्हणून हातमोजे. काळपट हिरवा आणि चमकणारा भाग म्हणजे शेवाळ, त्यावर कुठलाच बूट टिकत नाही. तपकिरी शेवाळाच्या झुपक्याखाली फट असू शकते, आधी काठीनं दाबून बघायचं. वळसा संपताना एका अरुंद चिंचोळीत शिरावं लागतं. भरती येताना सगळ्यात आधी भरते ती ही चिंचोळी. गुहेचं तोंड लाटांच्या कितीतरी वर असल्यामुळे आत बसलेल्याला काहीच धोका जाणवत नाही, आणि खाली वाट कधीच तुटलेली असते. म्हणून गटातल्या एकानं गुहेत जायचंच नाही, चिंचोळीच्या तोंडाशी उभं राहून पाणी बघायचं. बाकीचे आळीपाळीनं वर जातात. चार ते सहा माणसांचा गट याला पुरतो, त्याहून मोठा नको.

चिंचोळीतून मुखापर्यंत तिरपा कातळ आहे, उतार चाळीस अंशांच्या आसपास. चढताना हाताला पकड मिळते. उतरताना तोंड कातळाकडे करून, तीन आधार पक्के ठेवून चौथा हलवायचा. पाऊस पडून गेला असेल तर हा टप्पा सोडून द्यावा.

मुख नासपतीच्या आकाराचं, वर निमुळतं. दोन पावलं आत गेलं की समुद्राचा आवाज मागे न राहता भिंतींतून येतो. तळ ओबडधोबड, माती जवळजवळ संपलेली. बकलँडनं, सोलस यांनी आणि मधल्या काळात हौशी लोकांनी इतकं उकरलं, आणि वादळी लाटांनी उरलेलं इतकं नेलं, की मूळ थर हाती लागत नाहीत. सांगाड्याची उजवी बाजूही बहुधा समुद्रानंच नेली असावी. टॉर्च तिरपा धरून भिंत बघावी. सरळ प्रकाशात पाण्यानं घासलेले खळगे दिसत नाहीत. गारगोटीचा टोकदार तुकडा पायाशी दिसला तरी उचलायचा नाही. इथून चार हजारांवर दगडी तुकडे निघालेत, आणि जागेवरून हललेला पुढचा तुकडा कुणालाच काही सांगू शकत नाही.

मग मुखाशी उभं राहून बाहेर बघायचं, आणि समोरचा समुद्र मनातून काढून टाकायचा. दफन झालं तेव्हा पाणी बर्फात अडकलेलं होतं आणि किनारा इथून शंभरेक किलोमीटर दूर होता. समोर गवताळ मैदान, मॅमथ, लोकरी गेंडे, रेनडिअर. म्हणजे त्या माणसाजवळचे शंख इथे पायाखाली सापडलेले नव्हेत. कुणीतरी ते लांबून आणले होते, आणि त्यानं खाल्लेली मासळीही कदाचित नद्यांची किंवा दूरच्या किनाऱ्याची. किनाऱ्यावरची गुहा हे वर्णन आजचं आहे. तेव्हा ती मैदानावरून लांबून दिसणारी, डोंगराच्या पोटातली जागा होती.

दीड वाजले की निघायचं.

पाचवा दिवस (द्वितीया): राखीव

काल लाटांमुळे जाता आलं नसेल तर आज, चाळीसेक मिनिटं उशिराच्या ओहोटीला. काल जमलं असेल तर रॉसिली. तिथल्या वाळूत 'हेल्वेशिया' या १८८७ मध्ये फुटलेल्या नॉर्वेच्या जहाजाच्या फासळ्या उभ्या आहेत. पुढचं वर्म्स हेड हे भरतीत बेट होतं. ओहोटीच्या आधी आणि नंतर प्रत्येकी अडीच तास वाट उघडी असते. इथला खडक पॅव्हिलँडपेक्षा सोपा वाटतो, पण लांब आहे, परतीला पाऊण तास धरावा. वाट बुडाली तर पोहत यायचं नाही, बेटावरच थांबायचं; प्रवाह फार जोराचा असतो.

सहावा दिवस: पार्क वुड आणि परत

सकाळी पार्क-ल-ब्रॉसची घळ, किनाऱ्यापासून आत, सपाट वाट. गुहेच्या दिवशी वर थांबलेल्या मंडळींसाठी मुद्दाम. तिथल्या नवाश्मयुगीन दगडी थडग्यात चाळीसेक माणसांची हाडं मिळाली होती. जवळच कॅटहोल गुहा. २०१० मध्ये तिच्या भिंतीवर रेनडिअरचं कोरीव चित्र ओळखलं गेलं, बारा हजार वर्षांहून जुनं. पुढच्याच वर्षी कुणीतरी ते खरवडलं, म्हणून आता आतल्या भागाला लोखंडी गज आहेत. गजांबाहेरून चित्र दिसत नाही. दुपारच्या गाडीनं लंडन. त्याआधी बूट गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलेले असावेत, नाहीतर खारानं शिवण बडोद्याला पोचेपर्यंत उकलते.